दोन कुलुपे, एक किल्ली कारखान्याची

गोवंडीत दहा बाय पंधराच्या खोलीतही आता एक वस्तू हमखास दिसते. टीव्हीच्या वर किंवा माळ्याच्या शिडीजवळ खिळ्याला अडकवलेला, हिरवे दिवे लुकलुकणारा छोटा डबा. केबलवाल्याचा मुलगा येतो, गल्लीतून बारीक वायर ओढतो, डबा लावतो, मोबाइलवर नेट चालू करून दाखवतो आणि महिन्याचे पैसे सांगून निघून जातो. मुलांचा अभ्यास, अब्बांचे पैशांचे व्यवहार, जरीकामाच्या ऑर्डरी, आखातात नोकरीला असलेल्या भावाशी बोलणे, सगळे या डब्यावर चालते. आपण त्याला वायफाय म्हणतो. त्याचे खरे नाव राउटर.

या डब्याला एक नव्हे, दोन कुलुपे असतात. पहिले आपण लावतो. दुसरे बहुतेक घरांत कारखान्यातून आले तसेच राहते, आणि त्याची किल्ली साऱ्या जगाला माहीत असते. ते दुसरे कुलूप बदलावे, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कोणते कुलूप कशाचे?

पहिले कुलूप म्हणजे वायफायचा पासवर्ड. पाहुणा आला की आपण तो सांगतो. त्याने नेट वापरता येते.

दुसरे कुलूप राउटरच्या आतल्या कारभाराचे. वायफायचे नाव काय, पासवर्ड काय, कोणता मोबाइल जोडायचा, कोणता तोडायचा, हे सारे राउटरच्या आत एका पानावर ठरते. ते पान उघडायला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड लागतो. कंपन्या हजारो डबे एकसारखे बनवतात, म्हणून अनेक डब्यांत नावही ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ असतो.

गोम अशी की ज्याला वायफायचा पासवर्ड मिळाला, त्याच्या मोबाइलवर हे कारभाराचे पान उघडू शकते. दुसरे कुलूप कारखान्याचेच असेल, तर पाहुणा एका मिनिटात घरमालक होतो. दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी सलाम करावा आणि इजाजत घ्यावी, हे आपल्याकडे मूल बोलायला लागल्यापासून शिकवतात. इथे मात्र दारच असे की इजाजत मागायची गरजच पडत नाही.

हार्बर मार्गावरच्या दोन स्टेशनांची गोष्ट

‘आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय?’ असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि अनेक निरपराध माणसे मारली गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल पोहोचली होती. तपास करणारे त्या मेलचा माग काढत नवी मुंबईच्या सानपाड्यात एका अमेरिकी नागरिकाच्या घरी पोहोचले. मेल त्यांच्या इंटरनेटवरून गेली होती. त्यांची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. शेवटी दिसले ते असे की त्यांचे वायफाय उघडे होते आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरले होते.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला तशीच दुसरी मेल गेली, ती माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाच्या मेलसाठी चेंबूरच्या एका खासगी कंपनीचे वायफाय वापरले गेले. चेंबूर गोवंडीच्या अलीकडचे स्टेशन. मानखुर्द आणि वाशी ओलांडले की सानपाडा. या प्रकरणांनंतर २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघड्या वायफायचा शोध घेण्याची मोहीम काढली आणि केंद्राच्या दूरसंचार विभागानेही वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना दिल्या.

माग नेमका घरापर्यंत का येतो? घरात दहा मोबाइल असले तरी बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. तो पत्ता कोणत्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद इंटरनेट कंपनीकडे असते. मेल कुणाच्या मोबाइलवरून गेली हे त्या नोंदीत नसते. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे तेवढे असते. म्हणून पहिली थाप त्याच्याच दारावर पडते, ज्याच्या आधार कार्डावर कनेक्शन घेतलेले आहे.

सानपाड्याच्या त्या गृहस्थांवरचा संशय पुढे दूर झाला. पण नोकरीच्या मुलाखतीत गोवंडीचा पत्ता वाचून समोरच्याची भुवई कशी वर जाते, हे इथल्या तरुणांना वेगळे सांगायला नको. चौकशीत शेवटी निर्दोष ठरलो तरी मधले महिने कुणी परत देत नाही. रोजंदारी बुडते आणि गल्लीत कुजबुज होते. वकिलाची फी भरावी लागते ती निराळीच. ज्याच्या गाठीला कमी, त्याने कुलूप जास्त जपावे.

कारखान्याच्या किल्लीने काय काय झाले

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा एक घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्यात फार हुशारी नव्हती. कारखान्याच्या साठेक नाव-पासवर्ड जोड्यांची यादी घेऊन तो राउटर आणि कॅमेऱ्यांची दारे एकामागून एक ठोठावत जाई. उघडलेल्या लाखो डब्यांची त्याने फौज बनवली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेच्या माऱ्यामुळे अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. ज्यांच्या घरचे डबे या कामाला जुंपले होते, त्यांना पत्ताही नव्हता.

आपल्या देशातही हे घडले. २०१७च्या जुलैअखेर बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम हजारोंच्या संख्येने बंद पडले. एकट्या कर्नाटकात हा आकडा सुमारे ६० हजार होता. कारण तेच, कारखान्याचा पासवर्ड बदललेला नव्हता. तो बदला, असे आवाहन कंपनीला करावे लागले.

ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेममध्ये भामट्यांनी शिरकाव केला. त्यांनी नेट बंद पाडले नाही, फक्त आतली एक नोंद बदलली. गोवंडी स्टेशनला उतरलेला नवखा माणूस नाक्यावरच्या पानवाल्याला रोड नंबर विचारतो. तो पानवालाच फितूर असेल तर? राउटरही असाच कुणाला तरी वेबसाइटचा पत्ता विचारत असतो. ब्राझीलमध्ये पत्ता सांगणाराच बदलला होता. लोक बँकेचे नाव टाइप करत आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर पोहोचत.

म्हणूनच ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकण्यास मनाई केली आहे. आपल्या घरात हे काम आपल्यालाच करायचे आहे.

मोठ्या संस्थांकडून घेण्यासारखे

बँका, रुग्णालये आणि मोठ्या कार्यालयांत राउटरपाशी तीन प्रश्न विचारले जातात. तू कोण? तुला काय काय करायची परवानगी आहे? आणि तू काय केलेस? म्हणजे ओळख, परवानगी आणि नोंद. तिथे साऱ्यांचा मिळून एक पासवर्ड नसतो, प्रत्येकाचे वेगळे नाव असते. ही ओळख ‘रेडियस’सारख्या पद्धतीने एका मध्यवर्ती संगणकाकडून पटवली जाते. तो संगणकच बंद पडला तर? म्हणून जाणकार माणूस दुसरा मार्गही लिहून ठेवतो. मध्यवर्ती उत्तर आले नाही, तर राउटरमध्येच जपलेले एक नाव आणि पासवर्ड चालेल. शिवाय बदल केल्यावर पहिली खिडकी बंद करण्याआधी दुसऱ्या खिडकीतून आत शिरून पाहतो, नाहीतर स्वतःच बाहेर अडकायचा.

घरी एवढा सरंजाम नको. पण प्रत्येकाला गरजेपुरतीच परवानगी द्यावी, किल्ली हरवली तर दुसरा मार्ग असावा, आणि बदल करताच तो तपासावा, हे तिन्ही नियम आपल्यालाही लागू आहेत.

अर्ध्या तासाचे काम

१. राउटरच्या खाली किंवा मागे स्टिकर असते. त्यावरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड वहीत उतरवून घ्या. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. तो इंग्रजी आकड्यांत टाइप करायचा.

२. मोबाइल घरच्या वायफायला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. ‘सुरक्षित नाही’ असे दिसले तर या एका पानापुरते घाबरू नका, ते घरातल्याच डब्यातून आले आहे. बँकेच्या पानावर तसे दिसले तर मात्र लगेच बंद करा.

३. आत गेल्यावर ‘सिस्टिम’, ‘मॅनेजमेंट’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ असा विभाग शोधा. पासवर्ड बदलण्याची जागा तिथे असते. नवा पासवर्ड किमान १२ अक्षरांचा आणि वायफायपेक्षा वेगळा ठेवा. मोबाइल नंबर, मुलाचे नाव किंवा जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार घरगुती शब्द आणि मध्ये दोन आकडे, असे लक्षातही राहते आणि ओळखणेही कठीण जाते.

४. बाहेर पडून नव्या पासवर्डने लगेच पुन्हा आत शिरून पाहा.

५. ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद ठेवा. घराबाहेरून आपल्या राउटरचा कारभार चालवण्याची गरज आपल्याला नसते.

६. वायफायच्या विभागात ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ निवडा. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत केव्हाच मोडलेली आहे. ‘डब्ल्यूपीएस’ बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

७. काही राउटर पानाऐवजी मोबाइल ॲपवरून चालतात. तेव्हा खाते कुणाच्या ईमेलवर उघडले आहे ते पाहा. जोडणाऱ्या मुलाने स्वतःचा ईमेल टाकला असेल, तर किल्ली त्याच्याकडे आहे. खाते आपल्या नावावर करून घ्या, आणि सोय असेल तर पासवर्डसोबत ओटीपीचीही पायरी चालू करा.

राउटरच्या मागे बारीक भोकात रीसेटचे बटण असते. पासवर्ड विसरलाच तर ते दाबल्यावर डबा कारखान्यातून आला तसा होतो. पण अनेक ठिकाणी केबलवाल्याने दिलेले नेटचे नाव आणि पासवर्डही त्यात पुसले जातात आणि नेट बंद पडते. ते आधीच मागून घेऊन वहीत लिहा. काही ठिकाणी मुख्य पासवर्ड केबलवाला स्वतःकडेच ठेवतो. अशा वेळी नरमाईने पण स्पष्ट विचारावे, ‘भाई, कारखान्याचा पासवर्ड बदलला आहे का? तो आणखी कुणाकुणाकडे आहे?’ महिन्याचे पैसे भरणाऱ्याला हे विचारण्याचा हक्क आहे.

मग शेजाऱ्याला नाही म्हणायचे का?

मुळीच नाही. आपल्या वस्त्यांत भिंतीला भिंत लागलेली, आणि शेजाऱ्याची गरज ही आपली गरज. शेजारच्या मुलीची परीक्षा असेल आणि तिच्या घरी नेट नसेल, तर ते द्यावेच. त्यासाठी राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असते. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. त्यावर नेट मिळते, घरातल्या इतर उपकरणांपर्यंत पोहोचता येत नाही. पासवर्ड मुलीला द्या, गल्लीभर जाऊ देऊ नका आणि काम झाले की बदला. कारखान्यात कारागीर बदलतात, तिथेही हाच नियम ठेवावा.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांत ही किल्ली बहुधा दहावी-बारावीतल्या मुलाकडे असते, कारण ‘त्याला कळते’. त्याला कळते ही आनंदाची बाब आहे, पण कनेक्शन अब्बांच्या किंवा अम्मींच्या नावावर आहे आणि जाब त्यांनाच द्यावा लागेल. पासवर्ड बदलताना मुलाने शेजारी बसून दाखवावे आणि अम्मींनी स्वतःच्या हाताने टाइप करावा. तो घरातल्या वहीत लिहून रेशन कार्ड ठेवतो त्या पेटीत ठेवावा. कागदावर लिहू नये म्हणतात, पण इथे धोका जगभरातून दारे ठोठावणाऱ्यांचा जास्त आहे, आणि आपल्या पेटीपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही.

एवढे करूनही कधी आर्थिक फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हा नंबरही त्याच वहीत लिहून ठेवा.