मेंढीच्या मटणाला वास कशाने येतो? चाऱ्याने की खुराकाने?

पुण्याच्या आसपास ‘बोल्हाईचे मटण’ असा बोर्ड दिसला, की समजायचं इथे मेंढीचं मटण मिळतं. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी अनेक कुटुंबं बोकडाचं मटण खात नाहीत, मेंढीचंच खातात. बाकीचे मात्र “वास येतो” म्हणून नाक मुरडतात. हा वास मुख्यतः चरबीत असतो, आणि मेंढीने काय खाल्लं यावर तो बराचसा ठरतो.

कोवळ्या हिरव्या चाऱ्यात प्रथिनं भरपूर असतात. मेंढीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू ती फोडतात, तेव्हा ‘स्कॅटोल’ नावाचं उग्र वासाचं रसायन तयार होतं आणि चरबीत मुरतं. (विष्ठेच्या वासातही हेच असतं, पण जेवताना ते आठवू नका!) साध्या गवतापेक्षा लसूणघासावर हा वास जास्त चढतो.

मग मक्याचा भरडा घातला की वास जाईल? नाही. धान्यातल्या स्टार्चमुळे पोटात प्रोपिओनिक आम्ल वाढतं. ते यकृताला झेपलं नाही, की त्यातून वेगळ्या प्रकारची मेदाम्लं बनतात आणि खास ‘मेंढीचा’ म्हणून ओळखला जाणारा वास देतात. म्हणजे खुराकाने वास बदलतो, संपत नाही. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या प्रामुख्याने कुरणावर वाढतात, अमेरिकेत अनेकदा शेवटचे काही आठवडे धान्यावर. ज्याला जी चव सवयीची, त्याला तीच चांगली वाटते.

खुराकावर वजन लवकर भरतं, चरबीही वाढते. हिरव्या कुरणावरच्या मटणात चरबी कमी, ओमेगा-3 आणि ई जीवनसत्त्व जास्त. या जीवनसत्त्वामुळे मांसाचा लाल रंग जास्त वेळ टिकतो. पण ओमेगा-3 साठी महागडं ‘ग्रास-फेड’ मटण घेण्यात फारसा अर्थ नाही, बांगड्यात ते कितीतरी पट जास्त असतं.

शिवाय ‘चरून वाढलेली’ म्हणजे हिरव्यावरच वाढलेली असं नाही. आपल्याकडे धनगरांच्या कळपांना पावसाळ्यात हिरवं मिळतं, उन्हाळ्यात वाळलेलं गवत आणि बाभळीच्या शेंगा. गवत वाळलं की त्यातलं ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 दोन्ही घटतात.

वय वाढलं की वासही वाढतो, खच्ची न केलेल्या नरात तर जास्तच. वास नकोच असेल, तर कोवळ्या मेंढीचं मटण मागा आणि वरची चरबी काढून घ्या.