आग्रा बघायचंय : आधी काय बुक करायचं आणि तिथे पोचून काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे गाळलेत.

तर आजचा प्रश्न. शहर दाखवणारी टूर घरूनच बुक करावी, की तिथे उतरल्यावर बघू म्हणावं? आमच्या घरात यावरून दोन पक्ष आहेत. आई तिकिटांच्या प्रिंटआउट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवणारी, आणि मामा 'अरे, तिथे सगळं मिळतं' म्हणणारा. मी आग्र्याचं उदाहरण घेतोय, कारण तिथे मी दोन्ही प्रकारे तोंडावर आपटलोय.

पहिल्या वेळी आई-बाबांना घेऊन गेलो होतो. दिल्लीहून सकाळी निघून रात्री परत, अशी बसची टूर पुण्यातूनच ॲपवर तीन आठवडे आधी बुक केली. ताजमहाल, लाल किल्ला, जेवण, गाइड, सगळं त्यात. बाबांना खरं तर ताजपेक्षा किल्ला बघायचा होता. १६६६ च्या मे महिन्यात महाराज तिथेच औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये आग्र्यातून निसटले. शाळेपासून ऐकलेली गोष्ट, जागा मात्र कधी पाहिलेली नाही.

झालं काय, तर बस दिल्लीत हॉटेलं गोळा करत फिरली. आग्र्याला पोचेपर्यंत दुपार. ताज झाला, जेवण झालं, आणि मग गाडी थांबली एका संगमरवराच्या 'हस्तकला केंद्रा'पाशी. सव्वा तास. तिथून पेठ्याचं दुकान. किल्ल्यावर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता आणि गाइड म्हणाला, 'पच्चीस मिनट, साहब.' बाबा परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. पेठ्याचा डबा मांडीवर धरून बसले होते.

यात फसवणूक म्हणावी असं काही नव्हतं. यादीतलं सगळं दाखवलं. पण अशा टूरचं गणित समजून घ्या. सीट स्वस्त दिसते, कारण उरलेले पैसे दुकानाच्या कमिशनमधून निघतात. म्हणजे गाडी दुकानापाशी जेवढी थांबेल तेवढा त्यांचा फायदा, आणि किल्ल्यात थांबेल तेवढा तोटा. आपण आधी पैसे भरून टाकलेले, त्यामुळे मधेच उतरून जाताही येत नाही. आपला वेळच आपण दुसऱ्याच्या हातात दिलेला असतो.

आमच्या कोडिंगमध्ये एक रोजचा निर्णय असतो : डेटा आधीच लोड करून ठेवायचा, की लागेल तेव्हा मागवायचा. जे ऐनवेळी मिळेलच असं नाही, ते आधी आणायचं. जे कधीही मिळतं, त्यासाठी जागा अडवायची नाही. आग्र्याला हेच लावून बघू.

ट्रेन मोजक्या सीटची, म्हणून ती आधी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. हजरत निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्सप्रेस साधारण १०० मिनिटांत आग्रा कँटला सोडते. ती शुक्रवारी धावत नाही, कारण शुक्रवारी ताजमहाल बंद असतो! तारीख ठरवायच्या आधी हा वार बघा. हे वाचून हसू येईल, पण ताजच्या गेटवर जाऊन शुक्रवारी परत फिरणारे लोक मी स्वतः पाहिलेत.

ताजचं तिकीट मात्र महिनाभर आधी काढायची गरज नाही. पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत साइटवर फोनवरून निघतं. भारतीयांना ५० रुपये, मुख्य मकबऱ्यात जायचं तर वर २०० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. तिकीट तीन तास चालतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं इतकं असतं की घुमट समोर असून दिसत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी हवामान बघा आणि मग वेळ ठरवा. 'रांग टाळा' म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्यांच्या नादी लागू नका. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही.

पण रात्रीचा ताज? तिथे मामाचा पक्ष साफ हरतो. पौर्णिमेची रात्र, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन, एवढ्याच रात्री तो उघडतो. त्यातही शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळून. एका तुकडीत ५० माणसं, अर्धा तास. दुसऱ्या खेपेला मी बाबांना घेऊन गुरुवारी गेलो, पौर्णिमा कालच झालेली, आणि संध्याकाळी ऐटीत तिकीट विचारलं. सगळी संपलेली. चूक माझीच. हे तिकीट आधी पक्कं करा आणि मग त्याभोवती ट्रेन, हॉटेल बसवा.

गाइड आणि रिक्षा तिथे जाऊन. दोन्हींची आग्र्यात कमतरता नाही. गाइडचं सरकारी ओळखपत्र बघा, पैसे आधी ठरवा आणि 'दुकान में नहीं जाना' हे पहिल्याच वाक्यात सांगा. रिक्षा दिवसभरासाठी ठरवताना ठिकाणं नावानिशी बोला. ताजच्या अगदी जवळ पेट्रोल-डिझेलची वाहनं जात नाहीत, शेवटचा टप्पा बॅटरीच्या गाडीने किंवा पायी, हे गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

हां, सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल, रात्री उशिरा पोचणार असाल, तर स्टेशनवर घासाघीस करत बसण्यापेक्षा गाडी आधी सांगून ठेवलेली बरी. फक्त गाडी सांगा, पॅकेज नको. पॅकेजच घ्यायचं असेल तर पाच स्टार-एक स्टारवाले अभिप्राय सोडा, तीन स्टारवाले वाचा. त्यात 'शॉप' आणि 'टाइम' हे शब्द शोधा. प्रवेशशुल्क धरलंय का आणि किती दिवस आधीपर्यंत पैसे परत मिळतात, हेही बघा.

त्या दुसऱ्या खेपेला आम्ही मुद्दाम शुक्रवार किल्ल्यासाठी ठेवला. ताज बंद, पण किल्ला उघडा असतो, आणि यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून ताजही दिसतो. अमरसिंह दरवाजातून आत गेलो ते तीन तासांनी बाहेर आलो. रिक्षावाला चहा पिऊन, झोप काढून ताजातवाना झाला होता. बाबा म्हणाले, 'थांब जरा,' आणि किल्ल्यासमोरच्या महाराजांच्या पुतळ्याकडे चालत गेले. मी घड्याळ बघितलं नाही. परतीची गाडी संध्याकाळची होती, तिचं तिकीट दोन महिने आधीच काढलं होतं.