पिंगुळी : जिथे चित्रं वाचून दाखवतात

परीक्षा संपायच्या आधीच हॉस्टेलमध्ये चर्चा सुरू होते, "या वेळी कुठे?" कोकण ठरलं की उत्तर बहुतेक वेळा मालवण! तारकर्ली, स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ला, मासे, फोटो आणि परत. या मंडळींतले बरेच जण कोकण रेल्वेने कुडाळला उतरतात आणि स्टँडवरून मालवणची एस.टी. पकडतात. पण कुडाळपासून अवघ्या तीन-चार किलोमीटरवर पिंगुळी नावाचं गाव आहे, तिकडे फार थोडे वळतात. अर्धा दिवस काढून तिथे का जावं, ते सांगण्यासाठी हा लेख.

पिंगुळीच्या गुढीपूर भागात ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या तिन्ही कला इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. पूर्वी त्यांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता आणि खेळ व्हायचे ते गावोगावच्या देवळांत.

आता चित्रकथी म्हणजे नेमकं काय? रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची कागदावर रंगवलेली चित्रं क्रमाने लावलेली असतात. त्या संचाला म्हणतात 'पोथी'. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो, गातो, मध्येच निरूपण करतो; साथीला वीणा, टाळ, हुडुक. प्रसंग संपला की पुढचं चित्र. मित्रांनो, सेमिनारला आपण स्लाइड बदलत बोलतो, त्यातलाच हा प्रकार! फरक एवढाच, की इथे स्लाइडवर एकही अक्षर नसतं, सगळं सांगणाऱ्याला पाठ. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही चित्र दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे.

छायाखेळ पाहताना फिजिक्सचं पहिलं वर्ष आठवेल. पडदा, मागे दिवा, मध्ये चामड्याची बाहुली. बाहुली दिव्याकडे सरकवली की सावली मोठी होते आणि कडा पुसट होतात. पडद्याला टेकवली की रेघ अन् रेघ ठसठशीत. राक्षस अचानक अंगावर आल्यासारखा वाटतो, त्यामागे एवढंच गणित. पण ते हाताला कळायला वर्षं जातात.

खरा मुद्दा इथेच आहे. चित्र विकत मिळतं, फ्रेम करून भिंतीवर लावता येतं. पण चित्रकथीतलं चित्र ही अर्धीच वस्तू. उरलेली अर्धी सांगणाऱ्याच्या गळ्यात आहे. ती टिकायला समोर बसून ऐकणारं माणूस लागतं. देवळातले रात्रीचे खेळ कमी झाले, घरोघरी टी.व्ही. आला, तसा तो ऐकणाराच कमी झाला. त्यात जीर्ण झालेल्या पोथ्या पाण्यात सोडायची रीत, त्यामुळे जुनी चित्रंही थोडीच उरली. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं, त्याचं नाव 'ठाकर आदिवासी कला अंगण'. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि पिंगुळीचं नाव सगळीकडे गेलं. पण पुरस्काराने प्रेक्षक येतोच असं नाही. तो आपल्यालाच व्हावं लागतं.

म्हणून जाताना एवढं करा. आधी फोन करून कळवा, कारण खेळ मांडायला माणसं जमवावी लागतात. आठ-दहा जण मिळून गेलात तर खर्च वाटला जातो. नुसतं संग्रहालय पाहून निघू नका, एक तरी आख्यान ऐका. जुन्या चित्रांना हात लावू नका, फ्लॅश मारू नका. आणि दोनशे रुपयांसाठी घासाघीस नको; आपण मेसच्या बाहेर एका रात्रीत त्याहून जास्त उडवतो!

उरलेल्या वेळात फिरायला आजूबाजूला भरपूर आहे. मालवणच्या वाटेवर धामापूरचा तलाव लागतो. १५३० साली मातीचा बांध घालून केलेलं हे काम, सिव्हिलवाल्यांनी तर चुकवूच नये. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. ट्रेकवाल्यांसाठी नारूरच्या बाजूने रांगणा किल्ला आहे, पण पावसाळा टाळून, वाटाड्या घेऊन. पावसाळ्यातच जायचं तर आंबोली. आंबोलीच्या वाटेवर सावंतवाडीला उतरलात तर लाकडी खेळणी आणि राजवाड्यात हाताने रंगवलेली गंजिफा बघा. दशावतारी गंजिफ्याच्या एका जोडात १२० गोल पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा!

आपल्या गॅदरिंगला दरवर्षी ऑर्केस्ट्रा असतोच. सांस्कृतिक समितीच्या सरांना आणि जी.एस.ला एक सुचवावंसं वाटतं : एका वर्षी तासभर चित्रकथी ठेवून बघा. ज्यांना पिंगुळीला जाणं जमत नाही, त्यांच्यापर्यंत पिंगुळी येईल.