वस्तरा: धारेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारे, एकाच बाजूला धार असलेले उघडे पाते. त्वचा आणि धार यांच्यामध्ये त्यात कोणतीही आडपट्टी नसते. किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने 1903 मध्ये बदलत्या ब्लेडचा सेफ्टी रेझर विक्रीस आणला, तेव्हा पहिल्या वर्षी जेमतेम 51 रेझर आणि 168 ब्लेड खपली. पुढे मात्र घरची दाढी याच रेझरने होऊ लागली आणि वस्तरा सलूनपुरता उरला. घरात तो पाहण्याची सवयच गेल्यामुळे, सेफ्टी रेझर सोडून वस्तऱ्याकडे वळणारे अनेक जण काही चुकीच्या समजुती घेऊनच सुरुवात करतात.

पहिली समजूत अशी की, सलूनमध्ये दिसतो तोच हा वस्तरा. महाराष्ट्रातल्या बहुतेक सलूनमध्ये आता ब्लेड बदलण्याचा वस्तरा वापरतात. दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्यातला अर्धा भाग वस्तऱ्यात सरकवायचा आणि दाढी झाली की फेकून द्यायचा, अशी ही पद्धत. एकच पाते अनेकांच्या गालावरून फिरले, तर हिपॅटायटिस बी आणि सी यांसारखे रक्तातून पसरणारे आजार होऊ शकतात, म्हणून तिथे हेच योग्य आहे. पारंपरिक वस्तरा वेगळा. त्याचे पाते अखंड पोलादाचे असते आणि त्यालाच पुन्हा पुन्हा धार लावतात. जर्मनीतले झोलिंगेन आणि इंग्लंडमधले शेफील्ड ही शहरे अशा वस्तऱ्यांसाठी नावाजलेली आहेत.

ब्लेड बदलण्याचा वस्तरा स्वस्त पडतो आणि त्याला धार लावावी लागत नाही, त्यामुळे नवशिक्याने त्यावरच हात बसवावा, असे सांगितले जाते. खर्चाच्या दृष्टीने हे बरोबर असले, तरी हाताच्या दृष्टीने नाही. कारखान्यातले ब्लेड अतिशय पातळ आणि हलके असते. कोन जरा चुकला की ते लगेच ओरखडा काढते. अखंड पात्याच्या वजनामुळे हात स्थिर राहतो आणि त्याची धार चुकांना थोडी अधिक सामावून घेते.

सेफ्टी रेझरचा सराव असला की अर्धे काम झाले, हाही भ्रमच. साबणाचा फेस करणे, दाढी कोमट पाण्याने काही मिनिटे भिजवून मऊ करणे आणि केस कोणत्या दिशेने वाढतात हे ओळखणे, एवढे त्या सरावातून मिळते. कोन मात्र मिळत नाही, कारण सेफ्टी रेझरमध्ये तो रेझरच्या डोक्यानेच ठरवलेला असतो. वस्तऱ्यात तो मनगटाने राखावा लागतो आणि साधारण 30 अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. कोन फार वाढला तर धार त्वचेत शिरते. फार कमी झाला तर केस कापले न जाता ओढले जातात. दुसरा हातही मोकळा राहत नाही, त्याला त्वचा ताणून धरावी लागते. त्यातच बोथट होत आलेल्या ब्लेडवर दाब देण्याची जुनी सवय आड येते. वस्तऱ्यावर दाब द्यायचा नसतो. म्हणून सुरुवातीचे काही दिवस फक्त गाल वस्तऱ्याने करून हनुवटी आणि वरचा ओठ नेहमीच्या रेझरने उरकणे शहाणपणाचे ठरते.

गळा कापला जाईल ही भीती सर्वांत मोठी, पण ती चुकीच्या जागी आहे. पाते धारेला काटकोनात, केसांच्या दिशेने सरकत असेल तर खोल जखम सहसा होत नाही. जखम होते ती पाते धारेच्या लांबीच्या दिशेने आडवे सरकल्यावर, नाहीतर पात्याचे टोक लागल्यावर. बोथट वस्तरा नवशिक्याला सुरक्षित, ही समजूत तर धोक्याचीच: धार गेली की दाब वाढतो आणि दाबामुळे कापते.

धारेबाबतचे गैरसमज सर्वाधिक नुकसान करतात. चामड्याच्या पट्ट्यावर घासले की धार लागते, असे बहुतेकांना वाटते. धार लागते ती दगडावर: आधी सुमारे 1000 ग्रिटच्या, मग 8000 किंवा 12000 ग्रिटच्या बारीक दगडावर. पाते आडवे टेकवून, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागलेल्या ठेवून, धार पुढे करून ते सरकवतात. पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते, त्यामुळे तो हाताने मोजावा लागत नाही. चामड्यावर दिशा उलटी असते. पाठ पुढे, धार मागे, आणि फेरी संपली की पाते पाठीवरून उलटवायचे. पट्टा धातू फारसा काढत नाही. दाढीत विस्कटलेली सूक्ष्म धार तो सरळ करतो. दाढीआधी अशा 40 ते 60 सावकाश फेऱ्या पुरतात. पट्टा ढिला धरला किंवा घाई केली तर चांगली धारही गोल होते. शिकाऊ हातात वस्तरा खराब होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण.

मऊ केस पोलादाचे काय बिघडवणार, ही शंका रास्त आहे. एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याचे उत्तर दिले. केस पोलादाहून सुमारे 50 पटींनी मऊ असला, तरी तो वाकून विशिष्ट कोनात टेकला की धारेचे सूक्ष्म टवके उडू शकतात. नवा वस्तरा तयार धारेचा असतो, असेही नाही. पुष्कळदा आधी दगडावर धार लावून घ्यावी लागते, म्हणून घेतानाच तशी विचारणा करावी.

वस्तऱ्याने दाढी केल्यास केस जाड उगवतात, ही समजूत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच अभ्यासातून खोटी ठरवली. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो राठ लागतो, एवढेच.

एकदा वस्तरा घेतला की खर्च संपला, हेही खरे नाही. पट्टा आणि दगड लागतात, किंवा जाणकाराकडून धार लावून घ्यावी लागते. कार्बन पोलाद गंजते. कोकण, मुंबई किंवा गोव्याच्या पावसाळी हवेत पाते पुसून पूर्ण कोरडे करावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वस्तरा शिकण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि घरातला वस्तरा एकाच माणसाने वापरावा.