ओल्या जळणाचा हिशेब

कोल्हापूरची थंडी म्हणजे काही काश्मीरची थंडी नव्हे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 14-15 अंशांपर्यंत उतरला की आपण कानाला मफलर गुंडाळतो आणि गल्लीच्या तोंडाशी शेकोटी पेटते, एवढेच. घर उबदार ठेवण्यासाठी खोलीत लाकडे जाळण्याची इथे रीत नाही. तरीही न्हाणीतली चूल, परसदारचा तांब्याचा बंब आणि बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी ही अनेक घरांत अजून आहेत. गॅस आला आहे. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून गरीब घरच्या भगिनींच्या नावाने जोडण्या मिळाल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु सहा माणसांच्या आंघोळीचे पाणी सिलिंडरवर तापवायचे तर पगारदाराचाही जीव कासावीस होतो, मग रोजंदारीवरच्या माणसाचे काय? म्हणून भिंतीला लागून जळणाचा ढीग राहतोच. आज त्या ढिगाविषयी लिहीत आहोत.

जळणाशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे, आणि ते सुखाचे नाही. महार वतनाच्या कामांत लाकूडफाट्याचे काम होते. सरकारी अंमलदार गावात मुक्कामाला आला की त्याच्यासाठी जळण आणून द्यायचे, गावच्या लग्नकार्याला लाकडे फोडून द्यायची. मोबदला काय, तर बलुते आणि शिळ्या भाकरी. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली हे वतन खालसा करून जमिनी रयतावा करून दिल्या. आमचे मूळ गाव मात्र संस्थानाच्या हद्दीबाहेर, सातारा जिल्ह्यात. तिथे इंग्रजी अंमल होता आणि वतनही होते. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या दुरुस्तीचे बिल मांडले, पण वतन कायद्याने संपायला 1958 चा कायदा यावा लागला. तोवर आमच्या आज्जाच्या तळहाताला कुऱ्हाडीच्या दांड्याचे घट्टे पडून गेलेले होते.

आज्जा सांगायचे, “फोडल्यालं समदं वाड्याकडं जायाचं. आमच्या वाट्याला ढलप्या आन् ओल्या काटक्या.” घरी आज्जी त्या ओल्या काटक्यांना फुंकणीने फुंकत बसायची. खोपटाला खिडकी नव्हती. आज्जी रात्रभर खोकायची आणि घरातले सगळे म्हणायचे, म्हातारपण आहे. आता वय मोजून पाहिले तर तेव्हा ती जेमतेम चाळिशीची होती. म्हणजे आज आम्ही आहोत तेवढ्याच वयाची.

आम्ही बी.कॉम. झालो आणि कारकुनी पत्करली, त्यामुळे हिशेबाची खोड लागली आहे. वखारीत लाकूड वजनावर मिळते. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. आपण 45 टक्के धरू. 100 किलो ओले लाकूड घेतले तर त्यात 55 किलो लाकूड आणि 45 किलो पाणी. तेच लाकूड चांगले वाळवून 20 टक्के ओल राहिली की भरते सुमारे 69 किलो. म्हणजे 31 किलो पाण्याचे पैसे आपण लाकडाच्या भावाने मोजले! एवढ्यावर भागत नाही. ओले लाकूड तसेच चुलीत घातले की आधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते. एक किलो थंड पाणी तापवून त्याची पुरती वाफ करायला साधारण 600 किलोकॅलरी लागतात. 15 लिटरची बादली आंघोळीजोगी, म्हणजे 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला लागतात 300. तेव्हा त्या 31 किलो पाण्यापायी साठेक बादल्यांची ऊब धुराबरोबर वर गेली. आणि वाफेने विस्तव थंडावला की लाकूड अर्धवट जळते. डोळ्यांना झोंबतो आणि छातीत भरतो तो धूर या अर्धवट जळण्याचाच.

यावर उपाय पैशाचा नाही, पंचांगाचा आहे. लाकूड माघ-फाल्गुनात घ्यावे आणि घेतले की लगेच फोडावे. बाभळीसारखे कठीण लाकूड ओले असतानाच बरे फुटते, वाळले की कुऱ्हाड उडवून लावते. ओंडका जाड ठोकळ्यावर उभा ठेवावा, डोक्याला तडा दिसेल त्या रेषेवर घाव घालावा. गाठीचा भाग शेवटी ठेवावा, त्याला पाचर आणि घण लागतो. पोरांना लांब उभे करावे आणि कुऱ्हाडीचे पाते दांड्यात हलत नाही ना हे आधी पाहावे. पाते निसटून पाय कापलेला एक शेजारी आम्ही पाहिला आहे. फोडलेले लाकूड जमिनीवर टाकू नये. दोन ओळी विटा मांडून त्यावर रचावे, फटींतून वारा खेळू द्यावा. चैत्र-वैशाखाचे ऊन खाल्ले की मृगाच्या आत ते वाळते. मग वरून पत्रा टाकावा, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. सगळीकडून प्लास्टिक गुंडाळले तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. वाळले की नाही हे ओळखायला दोन फाटी एकमेकींवर आपटावीत. खणखणीत आवाज आला तर वाळले. बद्द आवाज आला तर अजून थांबा.

लाकूड तोडण्याविषयी एक सूचना. शहरात झाड आपल्या परड्यात असले तरी महापालिकेच्या परवानगीवाचून त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. 1975 पासून तसा कायदा आहे. राधानगरी, दाजीपूरकडे अभयारण्य आहे, तिथे तर विचारच करू नये. आपल्या जिल्ह्यात खरे म्हणजे जळणाला तोटा नसावा. ऊस तुटला की शिवारात पाचटाचे थर पडतात आणि रानातच पेटवून दिले जातात. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची रीत बसवली, त्यासाठी तिला 2002 साली इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. आपल्या तरुण मंडळांनी या कामात लक्ष घालायला हरकत नाही. वर्गणी काढून डिजे आणण्यापेक्षा बरे.

परंतु कोळसा म्हटला की आमच्या अंगावर काटा येतो. त्याचे कारण सांगितलेच पाहिजे.

डिसेंबर 1994. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. दोन खोल्यांचे घर. मागच्या खोलीत तिची बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपांची धुरी. वारा लागू नये म्हणून आईने दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या, खिडकीला पोते लावले होते. निखारा लाल झाला होता, धूर अजिबात नव्हता. म्हणून सगळे निर्धास्त. पहाटे बाळाचे रडणे बारीक बारीक होत गेले, तशी आई आत गेली आणि ओरडली. ताईची मान एका बाजूला कलंडलेली, हाका मारल्या तरी ओ देईना. आईलाही भोवळ आली. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. वडिलांनी दार सताड उघडले, दोघांना उचलून अंगणात आणले. जमलेल्यांत कुणी म्हणाले बाहेरचे झाले, अंगारा लावा. वडिलांनी ऐकले नाही. रिक्षा आणली आणि दवाखाना गाठला.

दोघेही वाचले. डॉक्टरांनी वडिलांना समजावले ते असे: बंद खोलीत कोळसा जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने त्याला धरून ठेवते, आणि माणूस झोपेतच जातो. ताईचे डोके दुखते आहे असे ती आदल्या संध्याकाळी म्हणाली होती. बाळंतिणीचे दुखतेच, म्हणून कुणी मनावर घेतले नाही. बंद खोलीत शेगडी असताना डोके दुखणे, मळमळणे, हातपाय गळणे ही त्या वायूची खूण आहे. लगेच दार उघडावे, माणसाला मोकळ्या हवेत न्यावे आणि दवाखाना गाठावा. न्हाणीघरातल्या गॅस गीझरचेही तेच, झरोका बंद असला तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2020 साली घरातल्या धुराने जगभरात 32 लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची बालके दोन लाखांहून जास्त होती.

ताईच्या लेकीचे बाळंतपण गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे झाले. शेगडी नकोच, असे आम्ही म्हणालो. आईला ते पटेना. “मग अंग शेकायचं कशानं?” शेवटी गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर तडजोड झाली, पाणी अंगणातल्या बंबातले. बंबाला वाळलेली बाभूळ आम्हीच फोडली, कचेरीला सुट्टी होती त्या रविवारी. खोलीच्या वरच्या झरोक्याची काच काढून टाकली. आई दररोज रात्री त्यात चिंधी कोंबायची, पोरीला वारा लागेल म्हणून. आम्ही स्टुलावर चढून ती काढायचो. सव्वा महिना हेच चालले होते.