घाटावर पोचलेली मदत आणि पोर्टलवर अडकलेली

होळी झाली की कोल्हापूरच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते: अमुक तालमीने, तमुक मंडळाने पंचगंगा स्मशानभूमीला शेणी दिल्या. होळी लहान करायची, वाचलेल्या शेणी टेम्पोत भरायच्या आणि घाटावर उतरवायच्या. महापालिका इथं अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि ही सोय चालू राहण्यात शहरातल्या साध्या माणसांनी दिलेल्या शेणी-लाकडांचा आणि देणगीचा मोठा वाटा आहे. आपल्याला याची इतकी सवय झालीय की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही.

यंदा मात्र या बातमीशेजारी दुसरी एक ठेवून बघावी. आपत्तीत कुणाला किती सरकारी मदत द्यायची, याचे केंद्राचे निकष 2022 मध्ये ठरले होते. त्यांची मुदत 2025-26 या आर्थिक वर्षाबरोबर संपते. 1 एप्रिल 2026 पासून सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ धरला आहे. म्हणजे पुढची साथ आली, तर मेलेल्या माणसाच्या घरच्यांच्या हातात काय पडणार, हे ठरवण्याची वेळ आत्ताची आहे. कोविडमध्ये आपण काय केलं, ते आज आठवायला हवं ते यासाठी.

2021 चा उन्हाळा कोल्हापूरकर विसरणार नाहीत. मुंबई-पुण्याची लाट ओसरली, तरी आपल्याकडे जून-जुलैतही निर्बंध कायम होते. सीपीआर रुग्णालयातून बॉडी प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच बाहेर यायची, घरच्यांनी लांबून हात जोडायचे. पालिकेचे कर्मचारी पीपीई किटमध्ये घामाने निथळत चिता रचत होते. बैतुलमाल कमिटीच्या मुस्लिम कार्यकर्त्यांनी हिंदू मयतांनाही अग्नी दिला. त्या दिवसांत घाटावर कुणी आधार कार्ड मागितलं नाही, बँक पासबुकाची झेरॉक्स मागितली नाही. मयत आलं, शेणी लागल्या, काम झालं. मदत म्हणजे काय, याची याहून स्वच्छ व्याख्या मला कुठल्याही शासन निर्णयात सापडलेली नाही.

आता सरकारी मदतीकडे येऊ.

14 मार्च 2020 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने कोविडला आपत्ती मानलं आणि मृताच्या कुटुंबाला 4 लाख रुपये देण्याचं पत्र काढलं. त्याच दिवशी सुधारित पत्र निघालं आणि त्यातून 4 लाख गायब झाले. वकील गौरव कुमार बन्सल आणि रीपक कन्सल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की मृत्यू 3 लाख 85 हजारांवर गेले आहेत, प्रत्येकी 4 लाख द्यायचे तर राज्यांचे आपत्ती निधी त्यातच संपतील. आकडे मांडून बघा. 3 लाख 85 हजार गुणिले 4 लाख म्हणजे 15,400 कोटी. सगळ्या राज्यांचा मिळून 2021-22 चा आपत्ती निधी होता 22,184 कोटी. रक्कम मोठी होती, हे खरंच. पण मरणारे जास्त म्हणून प्रत्येकाची किंमत कमी, हा हिशोब पटवून घेणं मला आजही जमत नाही.

न्यायमूर्ती अशोक भूषण आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने 30 जून 2021 रोजी निकाल दिला: आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मदत देणं बंधनकारक आहे, रक्कम किती ते राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठरवावं. प्राधिकरणाने सप्टेंबरमध्ये 50,000 रुपये ठरवले. 4 ऑक्टोबरला कोर्टाने त्याला मान्यता दिली आणि एक फार मोलाची गोष्ट बजावली. मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला नाकारायचं नाही.

महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला 26 नोव्हेंबर 2021 रोजी. एप्रिल-मेमध्ये ज्या घरातला कर्ता गेला, त्या घराचं वर्षश्राद्ध जवळ येत चाललं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला कोर्टासमोर आलं की राज्यात मृत्यू लाखाच्या वर, अर्ज सदतीस हजार आणि पैसे एकालाही नाहीत. त्यावर न्यायमूर्तींनी राज्य सरकारला कडक शब्दांत सुनावलं. जानेवारी 2022 मध्ये चित्र उलटं झालं. नोंदलेले मृत्यू 1,41,737 आणि अर्ज 2,13,890. या तफावतीत खोटे अर्जही असतील; मार्चमध्ये कोर्टाने महाराष्ट्रासह चार राज्यांत 5 टक्के अर्जांची तपासणी करायला परवानगी दिलीच. पण मोठा भाग त्या माणसांचा असणार, जी कोविडने गेली आणि कोविडच्या यादीत आली नाहीत. नियमात चाचणीनंतर 30 दिवसांच्या आतला रुग्णालयाबाहेरचा मृत्यूही धरला होता, त्याच मुदतीतली आत्महत्याही धरली होती. यादीपेक्षा नियम उदार होता, हे या योजनेचं खरं श्रेय आहे आणि ते द्यायला हवं.

अडलं ते दारात. अर्ज ऑनलाइन. अर्जदाराचा आधार, बँक खातं, मृत्यूचा दाखला, आणि इतर वारसांची हरकत नसल्याचं स्वयंघोषणापत्र. हा शेवटचा कागद वरवर निरुपद्रवी दिसतो. पण नवरा गेलेली तिशीतली बाई, सासरी राहते, खातं नवऱ्याच्या नावावर, दिराशी बोलणं बंद. तिने ही संमती कुणाच्या पाया पडून आणायची? हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने गावोगावच्या अशा बायकांचे प्रश्न सरकारपुढे मांडले. त्यांच्या कामाकडे मी या लेखासाठी पुन्हा पुन्हा गेलो, कारण त्यांनी हा विषय योग्य जागी नेला. मालमत्तेवर नाव लागणं, नवऱ्याच्या नावचं कर्ज, मुलांची फी, सासरचा दबाव. 50,000 रुपये या सगळ्याच्या मध्ये येऊन पडतात आणि ते कुणाच्या खात्यात पडले यावर त्या बाईचं पुढचं वर्ष ठरतं. मदत कुटुंबाला द्यायची, असं म्हणणं सोपं आहे. कुटुंबात कुणाला, हे सरकारने लिहून ठेवायला हवं होतं.

आणि खर्च तरी नेमका कुठे होता? कोल्हापुरात घाटावर नव्हताच. तो दवाखान्याच्या बिलात होता. राज्याने 21 मे 2020 रोजी खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधले होते: साध्या वॉर्डात दिवसाला 4,000, आयसीयूत 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. बांधलेल्या दराने व्हेंटिलेटरवरचे दहा दिवस धरले तरी 90 हजार होतात, त्यात महागडी औषधं वेगळी. म्हणजे सगळं नियमाने झालेल्या घरातही सरकारी मदत सहाव्या दिवशीच संपलेली असते.

कोविड चालू असतानाच, जुलै 2021 मध्ये, आपल्याकडे महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 56 फुटांपर्यंत गेलं. त्या पुरात कुणी वाहून गेलं, तर वारसांना आपत्ती निधीतून 4 लाख. त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत कोविडने कुणी गेलं, तर 50 हजार. कायदा तोच, निधी तोच, तहसीलदारही तोच. दोन विधवांना हा फरक समजावून सांगण्याची वेळ ज्या तलाठ्यावर आली असेल, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काय होतं?

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. तिथल्या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, फेमाने, 12 एप्रिल 2021 पासून थेट अंत्यविधीच्या खर्चाचीच भरपाई सुरू केली. एका अंत्यविधीमागे कमाल 9,000 डॉलर. पहिल्या वर्षातच वाटलेली एकूण रक्कम 2 अब्ज डॉलरच्या आसपास गेली आणि अर्जाची मुदत 30 सप्टेंबर 2025 पर्यंत ठेवली गेली. तिथं मरण महाग आहे, म्हणून योजना अशी झाली. पण तीही आधी खर्च करा, बिलं जपा, मग अर्ज करा, याच वळणाची. हातात पैसा नसलेल्या माणसाला त्या दिवशी काहीच मिळत नाही.

आपल्याकडे अंत्यविधीचा खर्च हा हक्क म्हणून कायद्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीतला कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर त्याच्या अंत्यविधीसाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात. 1948 च्या कायद्यातून आलेली ही मांडणी मला फार आवडते. पैसे कुटुंबातल्या ज्येष्ठ हयात माणसाला द्यायचे, आणि कुटुंब नसेल किंवा जवळ नसेल तर ज्याने प्रत्यक्ष खर्च केला त्याला. शेजाऱ्याने केला असेल तर शेजाऱ्याला. खांदा कुणी दिला हे कायदा बघतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडेही अंत्यविधीसाठी 10,000 रुपयांची तरतूद आहे. उसाच्या फडातल्या मजुराला, घरकाम करणाऱ्या मावशीला मात्र यातलं काही लागू होत नाही.

आता आपत्ती निधीच्या निकषांचा तक्ता उघडा. त्यात मृतदेहांच्या विल्हेवाटीची एक ओळ आहे, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे पैसे द्यायची. ती ओळ आपद्ग्रस्त भाग साफ करण्याच्या कामांत येते, ढिगारे उचलण्याबरोबर. आणि माणसाचा मृतदेह नि मेलेलं जनावर एकाच बाबीत, मध्ये तिरकी रेघ मारून लिहिलेले आहेत. ही ओळ वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. ज्या गावात मयत झालं की घरोघरच्या हुडव्यातून न सांगता शेणी निघतात, तिथल्या माणसाला हा तक्ता दाखवायची लाज वाटेल.

नव्या निकषांत दोन बदल व्हावेत, असं माझं म्हणणं आहे. पहिला: साथ आपत्ती म्हणून जाहीर झाली की प्रत्येक अंत्यसंस्कारामागे ठरावीक रक्कम थेट महापालिकेला, नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला मिळावी, शववाहिकेसह. घरच्यांनी अर्जच करायचा नाही. कोल्हापूर शहराला दानाचा आधार आहे, पण शाहूवाडी-गगनबावड्याच्या डोंगरातल्या ग्रामपंचायतीकडे ना तेवढा निधी ना स्मशानशेड. पावसाळ्यात तिथं लाकूड पेटवायला काय यातायात होते, ते तिथल्या लोकांना विचारा. दुसरा: मृत्यूची नोंद झाली की वारसाची रक्कम त्या नोंदीवरूनच सुटावी, आणि नवरा गेला असेल तर ती बायकोच्याच खात्यात जावी, ना हरकत न मागता. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 पासून आहे, नोंदी आता संगणकावर आहेत. लाभार्थी शोधायला पोर्टल लागत नाही, तो नोंदवहीतच असतो.

निकष दिल्लीत ठरतात, पण त्याआधी राज्यांना आपलं म्हणणं मांडता येतं. जिल्ह्याचे दोन खासदार आणि दहा आमदार आहेत. सोळाव्या आयोगाचा काळ 2031 पर्यंतचा, त्यामुळे आता राहिलेली ओळ पुढची पाच वर्षं राहिलेलीच असेल.