जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन: आधी स्वच्छता, मग उष्णतारोधन

जुनी मोटार हौसेने सांभाळणाऱ्यांची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. नागपूर, चंद्रपूरपासून छत्तीसगढमधील रायपूर, अभनपूरपर्यंतच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. त्यात मोटार स्पोर्ट्स प्रकारची असेल तर अडचण आणखी वाढते. अशा मोटारीचे बॉनेट बुटके असते, इंजिनभोवती मोकळी जागा कमी असते आणि चालकाची बैठक इंजिनाच्या अगदी जवळ असते. त्यामुळे इंजिनाचा कक्ष घरच्या घरी साफ करून त्याला उष्णतारोधक आवरण लावण्याकडे अनेकांचा ओढा असतो. हे काम हौशी मालकाला जमण्यासारखे आहे. मात्र त्याचा क्रम चुकल्यास उष्णतेपासून संरक्षण तर दूरच, उलट आगीलाच निमंत्रण मिळते.

भारतात बनलेल्या स्पोर्ट्स मोटारी मोजक्याच आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही त्यांपैकी एक होय. दोन आसनांच्या या मोटारीची बॉडी फायबरग्लासची असून तिला रेनॉ कंपनीचे ११४९ सीसी क्षमतेचे इंजिन होते. फायबरग्लासला समुद्रकाठच्या हवेतही गंज चढत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पण त्यातील राळ तीव्र उष्णतेने मऊ पडते आणि पेट घेतल्यास जळते. शिवाय फायबरग्लासमधून वीज वाहत नसल्याने प्रत्येक दिव्याला व उपकरणाला स्वतंत्र अर्थिंगची तार द्यावी लागते. अशा मोटारीत वायरिंग आणि उष्णतारोधन यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

इंजिनाची उष्णता तीन मार्गांनी पसरते. तापलेल्या धातूला टेकलेल्या भागांतून ती वाहते, गरम हवेबरोबर पुढे सरकते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डसारख्या अतितप्त भागांतून प्रकाशाप्रमाणे किरणांच्या रूपानेही बाहेर पडते. किरणांची उष्णता परतवून लावण्यासाठी चकचकीत धातूचा पत्रा उपयोगी पडतो. ब्रिटनच्या मॅक्लॅरेन कंपनीने १९९२ मध्ये सादर केलेल्या 'एफ-१' या मोटारीच्या इंजिन कक्षात याच कारणासाठी सोन्याचा पातळ वर्ख लावण्यात आला होता. आपल्याकडे अॅल्युमिनियमचा पत्रा हेच काम पुरेसे चांगले करतो. मात्र पत्रा आणि त्यामागील भाग यांत थोडी हवा खेळती राहील इतके अंतर सोडणे आवश्यक असते.

कामाची सुरुवात स्वच्छतेपासून करावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण जोडणी काढावी. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर प्लास्टिकने झाकावेत. तेलकट थर काढण्यासाठी पेट्रोल कदापि वापरू नये, कारण त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते. बाजारात मिळणारे पाण्यात विरघळणारे डीग्रीझर आणि मऊ ब्रश वापरावा. पाणी कमी दाबानेच सोडावे. जोराच्या फवाऱ्याने जुन्या वायरींच्या जोडांत पाणी शिरते. त्यानंतर सर्व भाग पूर्ण वाळू द्यावेत.

स्वच्छतेचा खरा लाभ शोभेपेक्षा तपासणीसाठी आहे. मळ निघाल्यावरच तेलाची गळती, भेगा पडलेले होज पाइप, सैल क्लॅम्प आणि उघड्या पडलेल्या वायरी नजरेस येतात. आज पेट्रोलच्या नळ्यांकडे विशेष लक्ष देण्याची गरज आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने मूळ २०३० च्या मुदतीपूर्वीच, २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलमुळे जुन्या काळातील रबरी नळ्या व सील फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. उष्णतारोधक आवरण चढविण्यापूर्वी या नळ्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्यात. गळणाऱ्या नळीवर आवरण घातल्यास गळती दिसत नाही आणि तेल प्यालेले नमद्याचे अस्तर दिव्याच्या वातीप्रमाणे पेट घेते.

उन्हाळ्यात मोटार मध्येच बंद पडण्याचे एक कारणही याच नळ्यांशी निगडित आहे. पेट्रोलमधील हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. नळीत वाफ साचली की कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. मुंबईतील प्रीमियर पद्मिनीचे चालक पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवत, त्यामागे हेच कारण होते. नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि मध्ये पत्र्याचा आडोसा करणे हा याहून टिकाऊ उपाय आहे.

इंजिन आणि बैठक यांमधील पडद्याच्या इंजिनाकडील बाजूस अॅल्युमिनियमचे आच्छादन असलेले काचतंतूंचे अस्तर लावावे. डांबरी पट्ट्या आवाज कमी करतात, पण उष्णतेने मऊ होतात. त्यामुळे त्या बैठकीच्या बाजूसच लावणे योग्य. अॅल्युमिनियममधून वीज वाहत असल्याने अस्तराची कड उघड्या वायरीला टेकणार नाही याची दक्षता घ्यावी. एक्झॉस्टच्या नळीला पट्टी गुंडाळल्यास उष्णता अडते, परंतु ओल साचून नळी लवकर गंजू शकते. जुने अस्तर राखाडी व तंतुमय असेल तर ते खरवडू नये. त्या काळी अशा अस्तरांत अॅस्बेस्टॉस वापरले जात असे आणि त्याची धूळ फुप्फुसाच्या कर्करोगास कारणीभूत ठरते. ते काढण्याचे काम जाणकारांवरच सोपवावे.

पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या मालकांनी नियमही ध्यानात घ्यावेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल केलेले वाहन या नोंदणीस पात्र ठरत नाही. म्हणून अस्तर बसविताना मूळ पडद्याला नवी भोके पाडण्याऐवजी जुन्याच स्क्रूंच्या जागा वापराव्यात, म्हणजे ते पुढे काढताही येईल.

काम संपल्यावर पहिली फेरी लहानच ठेवावी आणि इंजिन थंड झाल्यावर सर्व जोड पुन्हा तपासावेत. मोटारीत कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. बॉनेटखालून धूर दिसल्यास इंजिन बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि बॉनेट सताड उघडू नये. आत शिरलेल्या हवेने आग भडकते.